संधाता

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या माहितीपुस्तिकेत निरनिराळ्या व्यवसायांची जी मराठी नावे छापलेली असतात, ती एकदा सवडीने वाचण्याजोगी आहेत. फिटरला तेथे ‘जोडारी’ म्हणतात, टर्नरला ‘कातारी’, इलेक्ट्रिशियनला ‘वीजतंत्री’ आणि वेल्डरला ‘संधाता’. जो सांधतो तो संधाता. रोजच्या बोलण्यात हा शब्द कोणी वापरीत नाही. शहापूरपासून मुरबाडपर्यंत कोठेही विचारा, ‘वेल्डिंगवाला’ हाच शब्द कानी पडेल. तरीही हे नाव मला फार आवडते. कापणारे, तोडणारे, चिरणारे धंदे पुष्कळ आहेत. ज्याच्या नावातच सांधणे आहे असा धंदा विरळा.

चौतीस वर्षे मी मुंबईतल्या एका कचेरीत कागदाला कागद जोडण्याचे काम केले. त्याला टाचणी पुरते, फार तर दोरा लागतो. निवृत्तीनंतर आसनगाव स्थानकापासून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर थोडी जागा घेऊन आम्ही राहू लागलो. कुंपणाला फाटक हवे होते, म्हणून जवळच्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानात जाणे-येणे सुरू झाले. फाटक आठ दिवसांत तयार झाले. माझे जाणे मात्र थांबले नाही. सौ. म्हणाली, “साठी उलटल्यावर लोक वेलांकणीला जातात, तुम्ही ठिणग्या पाहायला जाता!” पण तिने अडवले नाही. दुकानाचे मिस्त्री माझ्याहून वीस वर्षांनी लहान. एके दिवशी त्यांनी माझ्या हाती होल्डर दिला आणि म्हणाले, “काका, नुसते बघून काय होणार? मारा एक रेघ.” त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो.

ही रेघ मारणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगितले पाहिजे. होल्डरमध्ये धरलेला रॉड म्हणजे मसाल्याचे लेपन केलेली लोखंडी कांडी. तिच्यातून वीज वाहत असते. पत्र्यावर काडेपेटीची काडी ओढावी तसा तो ओढला की ज्योत पेटते. तिचे तापमान पाच हजार अंशांच्याही वर जाते; पोलाद तर साधारण दीड हजार अंशांवरच वितळते. आता रॉडचे टोक आणि पत्रा यांच्यामध्ये रॉडच्या जाडीइतकेच अंतर राखायचे. हात फार जवळ गेला तर रॉड चिकटून बसतो, फार दूर गेला तर ज्योत विझते. रॉड वितळून आखूड होत जातो, तेव्हा हात खाली आणायचा. रेघ पुढे न्यायची, म्हणून तो पुढेही सरकवायचा. आणि रॉडचा कल तर बदलता कामा नये. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. साधले की नाही हे डोळ्यांआधी कानांना कळते. तव्यावर काही खमंग परतले जात असावे तसा एकसारखा चुरचुराट ऐकू आला की समजावे, जमते आहे. मग हातोडीने वरची काळी खपली झाडली की खाली माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली चकचकीत माळ दिसते. ती प्रथम दिसते तेव्हा होणारा आनंद मी पेन्शनच्या पहिल्या दिवशीही अनुभवला नव्हता.

त्या काळ्या खपलीमागे मोठा इतिहास आहे. निकोलाय बेनार्दोस या संशोधकाने कोळशाच्या कांडीने विजेची ज्योत पेटवून धातू सांधण्याची रीत 1880 च्या दशकात जगापुढे आणली. पण उघड्या ज्योतीत वितळलेले लोखंड हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू शोषून घेई व सांधा ठिसूळ होई. जहाजांच्या दुरुस्तीत रस असलेल्या ऑस्कर केलबर्ग या स्वीडिश अभियंत्याने कांडीला लेप देण्याची युक्ती काढली. लेप जळून त्याचा वायू वितळलेल्या धातूभोवती पांघरुणासारखा राहतो आणि उरलेली राख खपली होऊन वर बसते. त्याने 1904 मध्ये गोथेनबर्ग येथे स्थापिलेली एसाब कंपनी आजही चालू आहे. आपल्याकडे मुंबईत अडवाणी-ओरलिकॉन कंपनी 1951 मध्ये निघाली. हल्ली ती अडोर या नावाने ओळखली जाते. देशात कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना सुरू झाली ती 1950 मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर लगोलग आपल्याला रॉडही हवे झाले आणि ते धरणारे हातही.

माझ्या बरोबरीने त्या दुकानात एक मुलगा येत असे. सरळगावच्या पुढल्या एका पाड्यावरचा. संधात्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केलेला. प्रमाणपत्र होते, हातही चांगला होता. नव्हते ते स्वतःचे मशीन. कंत्राटदाराकडे रोजंदारीवर किती दिवस काढायचे, म्हणून घरी विचार चालला होता. एका विक्रेत्याने त्यांच्यापुढे भलीमोठी यादी ठेवली होती. तिच्यात चारशे अँपिअरचे, तेलात बुडवलेल्या ट्रान्स्फॉर्मरचे अवजड मशीन होते आणि आणखीही पुष्कळ काही. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. तिच्यातला गुरांचा बाजार मोठा. मुलाचे वडील मला म्हणाले, “काका, यंदा म्हशाला बैलजोडी काढतो. पोराला मशीन घेऊन देतो. तुम्ही शिकलेले मानूस, तुमीच सांगा.”

मी शिकलेला होतो तो फायलींपुरता; वेल्डिंगमध्ये मीही उमेदवारच. पण ज्या घरची बैलजोडी जाणार तेथे ‘मला काय कळते’ म्हणून बाजूला होणे बरे नव्हे. मी, मिस्त्री आणि तो मुलगा असे तिघे बसलो आणि यादी उलट बाजूने वाचावयास घेतली. मशीन काय करू शकते हे न विचारता, काम कोणते येणार आणि वीज कशी मिळणार हे आधी विचारले.

काम कोणते? या पट्ट्यात मागणी असते ती खिडकीच्या ग्रीलला, फाटकाला, पावसाळ्याआधी पत्र्याच्या छपराला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आणि नांगराच्या फाळाला. यांपैकी बहुतेक कामे अडीच आणि सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडवर भागतात. अडीचच्या रॉडला साठ ते नव्वद अँपिअर पुरतात, सव्वातीनच्याला नव्वद ते एकशेतीस. चारशे अँपिअरचे मशीन घेऊन तो काय पूल बांधणार होता?

वीज कशी? तसली अवजड मशीने बहुधा थ्री-फेजच्या दोन तारांवर चालतात. पाड्यावर घरोघरी सिंगल-फेज. म्हणजे मशीनच्या किमतीवर नव्या जोडणीचा खर्च आला. हल्लीचे इन्व्हर्टर मशीन मात्र पाच-सात किलोचे असते, खांद्याला अडकवून मोटारसायकलवरून नेता येते. ऐंशी अँपिअरवर अडीचचा रॉड जाळताना ते साधारण सव्वादोन ते अडीच किलोवॅट वीज घेते. घरच्या जोडणीवर, तारा व स्विच चांगले असतील तर, तेवढे झेपते. गावात संध्याकाळी दाब उतरतो, दिवे पिवळे पडतात. तेव्हा मशीन किती कमी दाबावर चालते हे पाठीवरच्या पट्टीवर वाचून घ्यावे. त्याच पट्टीवर ‘ड्यूटी सायकल’ म्हणून एक टक्केवारी असते. दोनशे अँपिअरपुढे साठ टक्के लिहिले असेल तर त्याचा अर्थ असा, की त्या प्रवाहावर दहा मिनिटांतील सहा मिनिटे काम करावे व चार मिनिटे मशीनला विसावा द्यावा. दर्शनी भागावरचा मोठा आकडा सगळेच वाचतात. हा लहान आकडा वाचणारा फसत नाही.

तारेचे मिग मशीनही यादीत होते. ते सफाईदार काम देते, पण त्याच्या वायूचे सिलिंडर भरून आणायला मुरबाड-कल्याण करावे लागणार आणि माळावरच्या वाऱ्यात तो वायू उडून जाणार. उघड्यावर काम करणाऱ्याला लेपाचा रॉडच बरा. रॉडही नवशिक्याने 6013 क्रमांकाचा घ्यावा. त्याची ज्योत सहज पेटते, खपली सहज निघते. पुड्यावर आय.एस. 814 हे भारतीय मानक आहे की नाही पाहावे. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात रॉडचा लेप ओल धरतो, म्हणून पुडा फोडल्यावर रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

यानंतर मिस्त्रींनी जे सांगितले ते यादीत मुळी नव्हतेच. ते म्हणाले, “पहिला पैसा डोळ्यांवर घाला.” विजेच्या ज्योतीतून जो अतिनील प्रकाश निघतो, तो लागताना काही कळत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखे होते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. दिवस-दोन दिवसांत बरे वाटते, म्हणून माणूस बेफिकीर होतो आणि तो मार पुन्हा पुन्हा खातो. आमच्या बाजूला रस्त्याकडेच्या दुकानांतून साधा गॉगल लावून, कित्येकदा नुसते तोंड फिरवून टाका मारणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या शेजारी हेल्पर म्हणून जे पोर पट्टी धरून बसते, त्याला तर तेवढाही आडोसा नसतो. दहा किंवा अकरा नंबरची काळी काच असलेले ढालीसारखे कवच दोनशे रुपयांच्या आसपास मिळते. ज्योत पेटताच आपोआप काळे होणारे शिरस्त्राण हजार-दीड हजारांपासून. डोळ्यांची किंमत याहून कमी कोणी धरू नये.

धुराचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर मानवात कर्करोग घडविणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. म्हणून काम हवेशीर जागी करावे, तोंड धुराच्या रेषेत आणू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर तो खरवडल्याशिवाय रॉड लावू नये. त्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो. तेलाचे वा पेट्रोलचे रिकामे पिंप तर सांधण्यासाठी कोणी आणले तरी परत पाठवावे. त्यात उरलेली वाफ स्फोट घडवते. ओल्या जमिनीवर उभे राहून होल्डर हाती घेऊ नये.

अशी नवी यादी झाली: इन्व्हर्टर मशीन, चार इंची ग्राइंडर, शिरस्त्राण आणि हेल्परसाठी दुसरे कवच, चामडी हातमोजे व एप्रन, खपली झाडायची हातोडी, तारेचा ब्रश, गुण्या आणि रॉडचे दोन पुडे. बेरीज सोळा हजारांच्या आत आली. निम्मी रक्कम मुलाने उमेदवारीच्या विद्यावेतनातून साठवलेली होती. उरलेली त्याच्या आईने बचत गटातून उचलली. बैलजोडी म्हशाला गेली नाही.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा मशीनवर कोणाचे भाग्य उजळते? खरे आहे. तो आजही आठवड्याचे पाच-सहा दिवस मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर जातो आणि सुटीच्या दिवशी पाड्यावरची कामे करतो. गटाचे हप्ते फिटले. मोठे काम आले तर मोठे मशीन भाड्याने आणता येईल, पुढे विकतही घेता येईल. विकलेला बैल मात्र नांगरणीच्या दिवशी भाड्याने मागताना दाराशी किती वेळ उभे राहावे लागते, हे त्याच्या वडिलांना ठाऊक आहे.

मला स्वतःला या वयात फार मोठे काही साधायचे नाही. मिस्त्रींनी मला नवा पाठ दिला आहे: दोन पट्ट्या काटकोनात सांधाव्यात, मग घणाने त्या फोडाव्यात आणि तुटलेल्या जागी आत काय दिसते ते पाहावे. वरून सुंदर दिसणारी माळ पुष्कळदा आतून पोकळ असते. धातू धातूत मुरलेलाच नसतो, नुसता वर चिकटलेला असतो. रंग दिल्यावर गिऱ्हाइकाला यातले काहीच दिसत नाही. ते कळते ते वजन पडल्यावर. आमच्या शहापूर तालुक्यातून तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते आहे, पुढे भातसाचेही जाऊ लागले. आज टाकल्या जाणाऱ्या पोलादी जलवाहिन्यांचे नळ वेल्डिंगनेच एकमेकांना सांधलेले असतात. मुंबईत नळाखाली हंडा लावणाऱ्याला त्या सांध्यांची आठवण होण्याचे कारण नाही. ज्याने ते सांधले, त्याच्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत असतील, हेही त्याच्या ध्यानी येत नाही.

वाचकहो, आपल्या घरांतून मुलांच्या शिक्षणाचा विचार होतो तेव्हा औद्योगिक प्रशिक्षणाचे नाव बहुधा सर्वांत शेवटी निघते आणि तेही आवाज खाली आणून. बारावीत अडखळला, आता काय करणार, म्हणून तिकडे घातला, असे सांगितले जाते. ज्या हाताला एकाच वेळी तीन गतींचे भान राखावे लागते, ज्याच्या अदृश्य कामावर पाळण्याच्या कडीपासून शाळेच्या छपरापर्यंत सारे टांगलेले असते, त्या हाताची ही ओळख बरी नव्हे. मुलाचा कल तिकडे असेल तर त्याला आनंदाने पाठवावे. प्रमाणपत्र घेऊन तो घरी येईल त्या दिवशी मोठ्या मशीनची घाई करू नये. आधी त्याला चांगली काच घेऊन द्यावी, शेजारी पट्टी धरणाऱ्या पोरासाठी दुसरी घ्यावी, आणि त्याने सांधलेली पहिली पट्टी फोडून आत पाहण्याचे धैर्य त्याला शिकवावे. पुढचे तो आपले आपण सांधील.