आकडे वाचता येतात, अक्षरं नाही

आम्ही इंदूरचे, पाच पिढ्यांपासून. मागच्या वर्षी मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा सगळे मिळून मेक्सिकोतलं चिचेन इत्सा बघून आलो. माया लोकांचं हे हजारेक वर्षांपूर्वीचं शहर.

मधोमध मोठा पिरॅमिड. चारही बाजूंना ९१ पायऱ्या, म्हणजे ३६४, आणि वरच्या चौथऱ्याची एक धरून ३६५. वर्षाचे दिवस! बँकेत जन्म गेलेल्या माणसाला असा जुळलेला हिशोब बघून किती बरं वाटलं म्हणून सांगू. वर चढायला बंदी आहे, त्यामुळे गुडघेही खूश.

आमचा गाइड माया होता. त्याने मातीत बोटाने आकडे काढून दाखवले. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शून्याला शिंपला. आपण दहाने मोजतो, ते विसाने. खालच्या घरात रेघ आणि वरच्या घरात दोन टिंबं काढली की झाले ४५. नातीने लगेच आपलं वय लिहिलं.

तो म्हणाला, "घरी आम्ही मायाच बोलतो. पण हे दगडावरचं माझ्या आजीलाही वाचता येत नव्हतं." १५६२ मध्ये दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने त्यांच्या पोथ्या जाळल्या. आज जगात चारच उरल्यात. पुढे अभ्यासकांना आकडे आधी उलगडले. अक्षरांची किल्ली १९५२ मध्ये क्नोरोझोव या रशियन माणसाने दाखवली, तीही तिथे पाऊल न ठेवता.

मला आठवला आमच्या घरचा लाल रुमाल. आजोबा होळकर सरकारात कारकून. त्यांचं मोडीतलं दप्तर त्यात बांधलेलं आहे. आकडे मी वाचतो, ते देवनागरीसारखेच. पण रक्कम कशाची, कोणाला दिली, काही कळत नाही. आमच्या पोथ्या तर कोणी जाळल्याही नाहीत. कपाटात शाबूत आहेत.

नातीला हे सांगितलं. मराठी समजतं तिला, बोलते मात्र इंग्रजीत. तिने विचारलं, मग त्यात काय लिहिलंय? उत्तर नव्हतं माझ्याकडे.

परत आल्यावर मोडीची बाराखडी घेऊन बसलोय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! आतापर्यंत आजोबांची सही लागली आहे. आपल्यापैकी कोणाला मोडी येत असेल तर जरूर कळवा. रुमाल घेऊन मी येईन, चहा तुमच्याकडे.