सायकलीखालची बेटे

मुंबई ही सात बेटे सांधून झालेली नगरी आहे, हे शाळेच्या क्रमिक पुस्तकातून मी पाठ केले होते. परंतु त्या पाठांतराला देहाची साक्ष मिळाली ती उतारवयात, मोटार विकून टाकल्यावर, रविवारच्या पहाटे गिरगावातून वांद्र्यापर्यंत सायकलीने जाण्याचा परिपाठ ठेवला तेव्हा. चढ आणि सपाटी यांतील भेद मोटारीला कळला तरी ती तो आत बसलेल्यास कळू देत नाही. सायकलीचे तसे नाही. केम्प्स कॉर्नर मागे पडून पेडर रोडचा चढ लागला की छाती लोहाराच्या भात्यासारखी चालू लागते, आणि आपण खंबाला टेकडीच्या खांद्यावर आहोत हे नकाशावाचून उमगते. मी तेथे निःसंकोच उतरून चालू लागतो. चढावर पायउतार होण्यात मला कधी कमीपणा वाटलेला नाही.

हाजीअलीपाशी उतार संपतो आणि वरळीपर्यंत पॅडल जवळजवळ फुकट फिरते. ही सपाटी मात्र निसर्गदत्त नव्हे. येथील खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरून भायखळ्याकडील सखल मुलूख बुडवीत असे. ती खिंड १७८४ साली पुऱ्या झालेल्या बांधाने बुजवली गेली, आणि गव्हर्नर हॉर्नबीने ते काम कंपनीच्या विलायतेतील संचालकांची नाखुशी पत्करून रेटले. सरकारी शिस्तीचा मी पक्षपाती खरा, पण या एका हुकूमभंगाला मी केव्हाच माफी देऊन टाकली आहे.

वरळी कोळीवाड्यात सायकल हातात धरूनच शिरावे लागते. समोरून कोणी टोपली घेऊन आले तर आपण शेजारच्या उंबऱ्यावर चढावे, एवढाच तेथील रहदारीचा कायदा. आणि तो इतर पेठांतील कायद्यांहून अधिक निष्ठेने पाळला जातो. वाळत्या बोंबलांच्या वासातून वाट काढीत किल्ल्यावर पोचले की समोर २००९ साली खुला झालेला सागरी सेतू दिसतो. त्याच्या तोंडाशी मी एकदा चौकशी केली तेव्हा हवालदार म्हणाला, "काका, सायकल नाही, पायी पण नाही. माहीमवरनं जा."

माहीमचा रस्ता आम्हां बिनमोटारवाल्यांस वाईट नाही. मिठी नदीच्या मुखावरील तो जुना बांध १८४५ साली झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले, आणि वाटसरूंकडून जकात घेऊ नये अशी अट घातली. सेतूवरच्या मोटारी टोल भरून वांद्र्याला पोचतात, आम्ही अवाबाईंच्या खर्चाने. खाडीचा दर्प तेवढा सोसावा लागतो, आणि पलीकडे बसगाड्या सायकलस्वारास डाव्या कडेच्या गटाराच्या जाळ्यांपर्यंत रेटतात. तेवढ्या टप्प्यात मी पुन्हा उतरून पायी चालतो.