मुख्याध्यापकांची निळी गाडी



मुख्याध्यापकांच्या पानावर एरवी निकाल असतात, अभिनंदन असते आणि शिस्तीच्या चार गोष्टी असतात. या वेळी मराठीच्या बाई म्हणाल्या, "सर, सगळ्या शाळेत तुमच्या गाडीचीच चर्चा आहे, तर मग त्यावरच लिहा." चर्चा आहे हे मलाही ठाऊक आहे. स्टाफरूममध्ये मी शिरलो की ती थांबते, त्यावरून कळते. तेव्हा सगळेच लिहितो. त्यातला काही भाग मला शोभणारा नाही, तोही लिहितो. (माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. काने-मात्रे बाईंनी सुधारले आहेत, चुका माझ्या आहेत.)

आमचे घर कापड गिरणीवर चालणारे. बाबा सायकलने पाळीवर जात. घरात वाहन म्हणून तेवढेच. पण वाचनालयातल्या एका जुन्या अंकात मी एक चित्र पाहिले होते, ते डोक्यातून गेले नाही. आपल्या इंदूरच्या यशवंतराव महाराजांची, म्हणजे दुसऱ्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग. गाडी अमेरिकन, तिची बॉडी बांधली इंग्लंडच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी, १९३०च्या दशकात. रंग केशरी आणि काळा. एका ओळीत आठ सिलिंडर, वर सुपरचार्जर, आणि कंपनी ताकद सांगत असे ३२० अश्वशक्ती. मी ते चित्र वहीत पेन्सिलीने काढले होते. गणिताच्या वहीत. त्याबद्दल मारही खाल्ला.

१९९१ मध्ये बाबांची गिरणी बंद पडली, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. पुढे काय झाले ते आपल्यापैकी अनेक घरांना सांगायला नको. दोन बहिणींची लग्ने, आईचे आजारपण, मग मुलीचे शिक्षण. १९९४ मध्ये जुनी स्कूटर घेतली, २००६ मध्ये जुनी मारुती ८००. दोन्ही दुसऱ्याने वापरलेल्या. नव्या गाडीच्या सीटवरचे प्लॅस्टिक स्वतःच्या हाताने काढायचा योग आला तो २०२४च्या दसऱ्याला, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी.

मुलगी पुण्याहून म्हणाली, "बाबा, उंच गाडी घ्या, गुडघ्यांना बरी." सौ. म्हणाली, "साठी बुद्धी नाठी म्हणतात, तुम्हाला तर अजून तीन वर्षे बाकी आहेत." मी घेतली ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन, निळी, सहा गिअरची, क्लचवाली. जाणकार म्हणतील की ही स्पोर्ट्स कार नव्हे, स्पोर्ट्स कारचे कपडे घातलेली घरगुती गाडी आहे. खरे आहे. खऱ्या स्पोर्ट्स कारला दोन दारे असतात आणि किमतीत आपल्या शाळेची नवी प्रयोगशाळा उभी राहील. पण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला या छोट्या इंजिनातही पुष्कळ पाहायला मिळते. ९९८ सी.सी.चे तीन सिलिंडर, आणि ताकद १२० अश्वशक्तीच्या आसपास. आमच्या काळची प्रीमियर पद्मिनी १०८९ सी.सी.ची होती आणि तिची ताकद सुमारे ४०. हा फरक प्रामुख्याने टर्बोचा. धुरांड्यातून वाया जाणारा गरम वायू एक चाक फिरवतो, ते चाक दुसऱ्या चाकाला फिरवते, आणि ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते. महाराजांच्या ड्यूसेनबर्गमध्ये हेच काम इंजिनच्या जोरावर फिरणारा पंखा करत असे. अकरावीला हे फळ्यावर शिकवताना निम्मा वर्ग जांभया देतो. मैदानात गाडीचे बॉनेट उघडले तेव्हा वर्ग सोडून गेलेली मुलेही परत आली.

आपण इंदूरकर याला 'शौक' म्हणतो, पुण्याकडे 'हौस' म्हणतात. मला वाटते दोहोंत फरक आहे. हौस लोकांबरोबर करता येते, शौक एकट्याचा असतो. रविवारी पहाटे साडेपाचला, पोह्यांच्या गाड्या लागायच्या आत मी निघतो. महू मागे पडते, मानपूरच्या बाजूला रस्ता वळू लागतो, जानापावची टेकडी दिसते. तिथे वळणाआधी ब्रेक, पाय क्लचवर, चौथ्यातून तिसरा, आणि वळणातून बाहेर पडताना इंजिनचा आवाज जाड होतो आणि गाडी खांद्याला हलकेच मागे ढकलते. एवढेच. गाणी नसतात, फोन बंद असतो. छत्तीस वर्षे मी घंटेवर जगलो आहे. त्या दीड तासात घंटा होत नाही. उतरताना गुडघे कुरकुर करतात, दुपारी कंबर बोलते, आणि अंधारात समोरच्या दिव्यांची तिरीप आता पूर्वीपेक्षा जास्त टोचते, म्हणून रात्री ही गाडी बाहेर काढत नाही. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका मान्यवरांनी विचारले, "सर, पगारवाढीचा विषय आता घ्यायचा की नाही?" सगळे हसले, मीही हसलो. (घ्यायचा. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.)

आता न शोभणारा भाग.

डिसेंबरातल्या एका रविवारी रस्ता मोकळा होता, ऊन नुकतेच पडले होते, आणि मी काटा १३० वर नेला. चारपदरी, मध्ये दुभाजक असलेल्या महामार्गावर मोटारीला कायद्याने जास्तीत जास्त १०० ची मुभा आहे, तेही तिथे त्याहून कमी मर्यादेचा फलक नसेल तर. हे मी दरवर्षी रस्ता सुरक्षा सप्ताहात मुलांना सांगतो. सोमवारी मधल्या सुट्टीत पाच-सहा मुले गाडीभोवती जमली. एकाने विचारले, "सर, किती पळते?" मी म्हणालो, "काल एकशे तीस गेली. कळलेसुद्धा नाही." आणि ते ज्या तोऱ्यात म्हणालो, तो तोरा मला आजही ऐकू येतो.

बारा दिवसांनी संध्याकाळी फोन आला. त्या पाच-सहांपैकीच एक, अकरावीचा विद्यार्थी, मामाची मोटारसायकल घेऊन रिंग रोडवर गेला होता. ताशी ऐंशीचा वेग, वळणावर सांडलेली वाळू. उजव्या पायाची दोन हाडे मोडली. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. (त्याला आणि त्याच्या आईला विचारूनच हे लिहितो आहे.)

इस्पितळाच्या बाकावर त्याच्या आई बसल्या होत्या. मला पाहून उठल्या. म्हणाल्या, "सर, तो सांगत होता, सरांनी एकशे तीस केली, मग मी ऐंशी केली तर काय झालं. मी म्हटलं, काहीतरीच सांगतोस, आपले सर असं करणार नाहीत."

मी म्हणालो, "केली होती."

त्या काही बोलल्या नाहीत. चहाचा कप माझ्या हातात दिला आणि पुन्हा बसल्या. मला ओरडल्या असत्या तर सोपे गेले असते.

सोमवारी प्रार्थनेनंतर मी सगळ्या शाळेसमोर हीच हकीकत सांगितली. त्याने काय साधले, मला माहीत नाही. लहान वर्गांना काही कळले नसावे. पण अकरावीचा पुढचा तास आम्ही मैदानात घेतला. आधी फूटपट्टीचा प्रयोग. एकाने पट्टी उभी धरून न सांगता सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची, किती सेंटिमीटर निसटली ते मोजायचे. मुलांचे आकडे १५ ते १८. माझे २४, २६, पुन्हा २४. मुले आनंदली. हिशेब केला तर १६ सेंटिमीटर म्हणजे ०.१८ सेकंद, २४ म्हणजे ०.२२. "सर, फक्त चार शतांश सेकंद!" एक मुलगी मला धीर देत म्हणाली. मग तिलाच १३० च्या वेगात त्याचे अंतर काढायला लावले. जवळजवळ दीड मीटर आले. दीड मीटर म्हणजे एक लहान मूल आणि त्याची सायकल. आणि हे पट्टी सुटणार हे ठाऊक असताना. रस्त्यावर 'तयार?' असे कोणी विचारत नाही आणि पायाला एका पेडलवरून दुसऱ्यावर जावे लागते, म्हणून पुढच्या हिशेबाला आम्ही पूर्ण एक सेकंद धरला, आणि कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकचे मंदन दर सेकंदाला सात मीटर प्रति सेकंद.

मग शिपाई मामांनी फक्की आणली. फाटकापासून पहिली रेघ १३ मीटरवर: ताशी ३० च्या वेगात गाडी इथे थांबते. ६० ला ३७ मीटर. ८० ला ५७. तिथपर्यंत खो-खोच्या खांबाजवळ पोहोचलो. १०० ची रेघ ८३ मीटरवर येत होती, पण आपले मैदान सत्तर मीटरवर संपते. १३० ला १२९ मीटर. दोन मुले टेप घेऊन भिंतीबाहेर गेली आणि तिथून ओरडून सांगू लागली. शाळेची भिंत, रस्ता, पलीकडचे औषधांचे दुकान, त्याच्या मागची गल्ली. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे वाक्य मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. औषधांच्या दुकानापलीकडे ते प्रथमच गेले.

कोणी विचारेल, मग अशा गाड्या बनवतातच कशाला? त्याचे उत्तर आपल्या जवळच आहे. पीथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार चाचणी मार्ग सुरू झाला, देशभरातल्या गाड्या तिथे पारखल्या जातात. त्याची वळणे इतकी उतरती बांधलेली आहेत की ताशी २५० च्या वेगातही गाडी बाहेर ओढली जात नाही. तिथे समोरून बैलगाडी येत नाही, वाळू सांडलेली नसते, आणि मधल्या सुट्टीतली मुले नसतात.

पालकांसाठी एक गोष्ट, आणि ही कृपया दोनदा वाचावी. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात असे आहे की अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. चावी खुंटीवर लटकवताना हे आठवावे. शाळेबाहेर रोज सकाळी मला दिसतात त्या स्कूटी कोणाच्या आहेत, तेही मला माहीत आहे.

गाडी विकावी का, असाही विचार मनात आला. सौ.नेच अडवले. म्हणाली, "गाडीनं काय केलं? बोललात तुम्ही." तर गाडी आहे. रविवारही आहे. शंभराच्या आतच असतो, आणि वळणावरचा तिसरा गिअर पन्नाशीतही तितकाच गोड लागतो, हा शोध मला उशिरा लागला.

तो विद्यार्थी फेब्रुवारीत शाळेत येऊ लागला. व्हॅनमध्ये प्लॅस्टरचा पाय मावेना, म्हणून सकाळी मी त्याला घरून घेतो. डावी सीट पूर्ण मागे सरकवावी लागते, कुबड्या मागच्या सीटवर. पहिल्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवरच्या काट्याकडे बघत म्हणाला, "सर, तुम्ही तर व्हॅनवाल्या भैयापेक्षा हळू चालवता."

पुढे सिग्नल लाल होता. मी तिसऱ्यातून दुसऱ्यात आणली आणि म्हणालो, "आवाज ऐक."

त्याने काच खाली केली.