फोन कुणी तोडला?



गेल्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी बस्तीतून आले आणि वन्संना व्हॉट्सॲपवर फोन लावला. वाटणीच्या वेळी माझ्या तोंडून त्यांना एक वाक्य गेलं होतं, त्याला बारा वर्षं झाली. दरवर्षी ग्रुपवर सगळ्यांना मिळून ‘उत्तम क्षमा’ टाकायची आणि मोकळं व्हायचं, असं माझं चाललं होतं. या वेळी त्या वाक्याचीच माफी मागायची ठरवली.

हॉलमध्ये पाहुणे होते, म्हणून बोलत बोलत जिना चढले. “वन्सं, त्या दिवशी मी...” एवढं म्हणते तोवर आवाज तुटायला लागला आणि फोन बंद. मला वाटलं, त्यांनीच ठेवला. परत लावायचा धीर झाला नाही.

दोन दिवसांनी मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, “आई, आत्याने नाही, तुझ्या फोनने तोडला.”

आमच्याकडे वायफायचे दोन डबे आहेत, एक हॉलमध्ये, एक वर. नाव आणि पासवर्ड एकच. वर गेलं की वरचा डबा फोनला ओढून घेतो, अशी माझी समजूत. तसं नसतं. कुठला डबा धरायचा आणि कधी सोडायचा, हे मुख्यतः फोनच ठरवतो. माझा आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली गेल्यावरच दुसरा डबा शोधू लागतो. बोलणं चालू असेल तर नवा सिग्नल किमान ८ डेसिबलने सरस लागतो. तोवर जुन्यालाच चिकटून. (यात उणे ५० चांगला, उणे ८० वाईट. दर १० ला ताकद दहापट घटते.)

मी म्हटलं, खालच्या डब्याचा जोर वाढव. त्याने उलट कमी केला! जोर जास्त असला की डब्याचं फोनला ऐकू येतं, म्हणून फोन तो सोडत नाही. पण फोनचा क्षीण आवाज डब्यापर्यंत नीट पोचत नाही. मग त्याने तीन सोयी चालू केल्या: ‘के’ फोनला शेजारच्या डब्यांची यादी देते, ‘व्ही’ कुठे जावं ते सुचवते, ‘आर’मुळे नव्या डब्याशी ओळख पटायला वेळ लागत नाही. सुचवणं झालं तरी सोडायचं फोननेच.

ऐकताना मला माझंच हसू आलं. बारा वर्षं मीही एका जागी चिकटून होते, आणि वन्संनी ओढून घ्यावं म्हणून वाट बघत होते.

त्या संध्याकाळी वर एका जागी बसून फोन लावला. वाक्य पूर्ण केलं.

वन्सं थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “वहिनी, मला वाटलं तुम्हीच ठेवलात.”

उत्तम क्षमा.