उत्तर नको, प्रश्न विचार

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि बघता बघता आमच्या खाप्यातल्या वह्यांमध्येही शिरलं. आठवीतलं पोरगं 'अनन्यसाधारण महत्त्व' लिहू लागलं की मास्तरला कळतंच. पकडायचं कसं, यावर शिक्षकांच्या खोलीत गप्पा रंगतात. मला त्यात रस नाही. यंत्राचं लिखाण ओळखणारं साधन खुद्द ओपनएआयने काढलं होतं. अचूकता कमी पडते म्हणून जुलै २०२३ मध्ये त्यांनीच ते गुंडाळलं. तिथे मी कोण टिकोजीराव! त्यापेक्षा गृहपाठच बदलावा.

'माझे गाव' हा विषय मी सोडून दिला. खापा कोष्ट्यांचं गाव. माग चालवलेले हात अजून घरांत आहेत. म्हणून विषय दिला : घरातल्या किंवा शेजारच्या जुन्या विणकराला विचारून लिहा, माग कसा चालतो. आधी स्वतःच्या हातानं. मग वर्गात, माझ्या फोनवर, नाव न घालता एकाचं लिखाण यंत्राला दिलं आणि बजावलं : दुरुस्त करू नको, तुला काय कळलं नाही ते विचार. त्यानं विचारलं, विणताना ताण्याचा धागा तुटला तर काय करतात?

पोराला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो सुताची दोन टोकं घेऊनच आला. आज्यानं सांगितलं होतं, "गाठ नाही मारत बाप्पा, फणीत अडकते." बोटांना राख लावून त्यानं दोन्ही टोकांना पीळ दिला, ओढून दाखवलं. सुटलं नाही. त्याच्या वहीतला तो परिच्छेद बोजड आहे, शुद्धलेखन यथातथाच. पण त्यात राख आहे. यंत्रानं परिच्छेद लिहून दिला असता तर आज्याला कुणी विचारलंच नसतं.

पडताळणीचा तासही मी मुद्दाम ठेवतो. आपल्या गावाबद्दल यंत्राला विचारलं, तर पेंच नदी कन्हानला खाप्यातच येऊन मिळते, असं त्यानं ठासून सांगितलं. नकाशा काढला, संगम खाली, कामठीजवळ बिन्याला. खापा नावाची गावं भंडाऱ्याकडेही आहेत, छिंदवाड्याकडेही. हे यंत्र कुठल्या खाप्याबद्दल बोलतंय, तेही दर वेळी बघावं लागतं. पोरांना त्याची चूक धरताना भारी मजा येते. येऊ द्यावी. मात्र समीकरणांची वेगवेगळी उदाहरणं ते झटक्यात काढून देतं, हेही खरं. ती मी आधी स्वतः सोडवतो, मगच फळ्यावर.

गुण मात्र मीच देतो. मुलांची नावं, निकाल, घरच्या अडचणी यंत्रात टाकत नाही. २०२३ च्या आपल्या विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. युनेस्कोने त्याच वर्षी वर्गातल्या वापराला किमान तेरा वर्षांची मर्यादा सुचवली. आणि घरचा एकुलता फोन बाप कामावर घेऊन जातो, त्या पोरीनं मागे का राहायचं? म्हणून यंत्राचं काम वर्गातच. घरी फक्त माणसांना विचारायचं.

यंदा नववीला विषय दिलाय संत्र्याच्या मृग बहाराचा. झाडांचं पाणी कधी तोडायचं, ताण किती द्यायचा, यावर वर्गातल्या दोघांचे बाप एकमेकांच्या अगदी विरुद्ध सांगताहेत. दोघांचंही वहीत आलंय. आता यंत्र काय विचारतं ते बघू.