पगाराची अपेक्षा सांगताना

नोकरीच्या मुलाखतीत ‘तुमची पगाराची अपेक्षा किती?’ हा प्रश्न बहुधा शेवटी येतो. कामाची, शिक्षणाची, घरची विचारपूस झालेली असते, उमेदवार सैलावलेला असतो आणि नेमका तेव्हाच एक आकडा सांगायचा असतो. हा प्रश्न अडकवण्यासाठी विचारला जात नाही. जागेची जाहिरात निघण्याआधीच त्या जागेसाठी खालची आणि वरची रक्कम मंजूर झालेली असते. समोरचा माणूस त्या पट्ट्यात उमेदवार बसतो का, हे पाहत असतो. त्याचबरोबर उमेदवाराला आपल्या कामाची बाजारातली किंमत ठाऊक आहे का आणि कमी पगारावर घेतला तर तो चार महिन्यांत सोडून जाईल का, हाही अंदाज तो घेतो. म्हणजे ज्या रकमेविषयी बोलणे चालू आहे ती एका बाजूला माहीत असते, दुसऱ्या बाजूला माहीत नसते. उत्तराची सगळी तयारी ही दरी कमी करण्यासाठी असते.

राहाता तालुक्यातल्या उमेदवारांना हा प्रश्न विशेष जड जातो. त्याचे कारण इथल्या रोजगाराच्या इतिहासात आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पुढे गणेशनगरचा कारखाना आला, लोणीला शिक्षणसंस्था वाढल्या, शिर्डीत साईबाबा संस्थानचा पसारा वाढला. दोन-तीन पिढ्यांना पगार दिला तो प्रामुख्याने या संस्थांनी, आणि यांपैकी कुणीही उमेदवाराला ‘किती हवेत?’ असे विचारले नाही. साखर कामगारांचे वेतन १९५७ मध्ये नेमलेल्या केंद्रीय वेतन मंडळापासून सामुदायिक पद्धतीने ठरत आले. महाराष्ट्रात नंतर कामगार संघटना, कारखान्यांचे प्रतिनिधी आणि शासन यांची त्रिपक्षीय समिती करार करू लागली. शाळेत वेतनश्रेणी असते, शिक्षण सेवकाचे मानधनही शासन निर्णयाने ठरते: २०२३ मध्ये ते प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये झाले.

शेतीतही तेच. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार जाहीर करते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. राहात्याचा पेरू बाजार समितीत गेला की बोली व्यापारी लावतो, बागवाला बाजूला उभा राहून ऐकतो. घरात पगार येतो आणि मालाचे पैसेही येतात, पण आपली किंमत आपल्या तोंडाने सांगण्याचा प्रसंग घरातल्या कुणावरच आलेला नसतो. चाकण, रांजणगाव, सुपा, सिन्नर किंवा वाळूजच्या कारखान्यात मुलाखतीला बसलेला डिप्लोमाधारक बहुतेक वेळा त्या घरातला पहिलाच असतो, ज्याला हा आकडा बोलावा लागतो. त्याला उत्तर सुचत नाही, यात त्याचा भित्रेपणा शोधणे अन्यायाचे आहे.

म्हणून सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘साहेब, तुम्ही द्याल ते’. त्याचेच थोडे शहरी रूप ‘कंपनीच्या नियमाप्रमाणे’. बोलणाऱ्याच्या मनात यात नम्रता असते. पैशाची गोष्ट वडीलधाऱ्यांसमोर पुढे होऊन काढू नये, हा घरचा संस्कार त्यामागे असतो आणि तो संस्कार वाईट नाही. पण ऐकणाऱ्याच्या कागदावर मंजूर पट्ट्यातली सर्वांत खालची रक्कम लिहिली जाते. हा फरक पहिल्या महिन्यापुरता राहत नाही, कारण पगारवाढ टक्क्यांत मिळते. एकाच कामावर एक जण १८,००० वर आणि दुसरा २१,००० वर लागला आणि दोघांनाही दर वर्षी १० टक्के वाढ मिळाली, तर पाच वाढींनंतर पहिला सुमारे २९,००० वर असतो आणि दुसरा सुमारे ३३,८०० वर. तीन हजारांचे अंतर पावणेपाच हजारांच्या वर जाते. पुढची कंपनी पुन्हा जुन्या पगारावरून नवा ठरवते, त्यामुळे ते अंतर नोकरी बदलली तरी सोबत येते.

आकडा सांगण्याआधी तो आकडा कशाचा आहे, हे समजून घ्यावे लागते. कंपन्या बोलतात ती सीटीसी, म्हणजे कंपनीला त्या माणसापायी वर्षाला येणारा एकूण खर्च. घरचे विचारतात तो हातात येणारा पगार. सीटीसी ३,६०,००० रुपये असेल, तर महिन्याला ३०,००० मिळतील असे घरी सांगितले जाते. प्रत्यक्ष हिशेब असा होतो. त्यातली १० टक्के रक्कम कामगिरीवर अवलंबून असेल, तर दरमहाचे ३,००० बाजूला पडतात. ते वर्षअखेरीस पूर्ण मिळतात, अर्धे मिळतात किंवा अजिबात मिळत नाहीत. उरले २७,०००. मूळ वेतन १५,००० धरले, तर भविष्यनिर्वाह निधीतला (पीएफ) कंपनीचा १२ टक्के वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ७२१ रुपये हेही सीटीसीतच मोजलेले असतात. पगारपत्रकावर येतात २४,४७९. त्यातून कामगाराचा स्वतःचा १,८०० रुपयांचा पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर गेला की हातात २२,४७९ पडतात. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, त्यामुळे याच पगारात मुलीच्या हाती २०० रुपये जास्त येतात.

पीएफ वाया जात नाही. ती स्वतःचीच बचत आहे आणि कंपनीच्या वाट्यातला काही भाग निवृत्तिवेतनासाठी जातो. ग्रॅच्युइटीचे तसे नाही. कायम कामगाराला ती सलग पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते. दोन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याच्या सीटीसीत ती दिसते, खात्यात कधीच येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी यात दोन बदल केले. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आला. शिवाय भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त दाखवले, तर वरचा भाग वेतनातच धरला जाऊ लागला. मूळ वेतन मुद्दाम लहान ठेवण्याची जुनी रीत त्यामुळे आवळली गेली आहे.

कारखान्यांच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते. ‘हातात २५,०००’ असे सांगितले जाते तेव्हा त्यात ओव्हरटाइम धरला आहे का? जादा तासांना दुप्पट दराने मोबदला देण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आहे. आठ तासांचा पगार वेगळा आणि बारा तासांचा वेगळा, हे स्पष्ट न करता दिलेला आकडा म्हणजे अर्धीच माहिती. तसेच वेतन महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, संरक्षण मिळते. त्याच्या वर गेल्यावर कुटुंबासाठी आरोग्य विमा कंपनी देते का, हे विचारायला हवे. एका आजारपणात पगारवाढ पुसली जाऊ शकते.

यानंतर उमेदवाराने घरून निघतानाच तीन रकमा कागदावर लिहून ठेवाव्यात. पहिली म्हणजे ज्याच्या खाली नोकरी परवडणारच नाही ती. ही रक्कम गावावरून ठरते. राहात्यात घरी राहून शिर्डीच्या हॉटेलात कामाला जाणाऱ्याला जी पुरते, ती चाकणला खोलीभाडे, मेस, महिन्याला एक-दोनदा गावी येण्याचा खर्च आणि घरी पाठवायचे पैसे एवढ्यांना पुरत नाही. दुसरी रक्कम म्हणजे त्या जागेचा बाजारभाव. नोकरीच्या संकेतस्थळांवरचे आकडे साधारण अंदाज देतात, पण खरी माहिती आपल्याच कॉलेजातून दोन-तीन वर्षे आधी बाहेर पडलेल्यांकडे असते. लोणीच्या किंवा कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून त्याच कारखान्यात लागलेला एखादा ओळखीचा निघतोच. त्याला ‘तुला किती मिळतात?’ असे विचारले की तो संकोचतो. ‘या पदाला साधारण कुठपासून कुठपर्यंत देतात?’ असे विचारले की मोकळेपणाने सांगतो. तिसरी रक्कम मुलाखतीत बोलून दाखवायची. ती बाजारभावाच्या वरच्या अंगाला असावी, पण तिच्यामागे कारण सांगता यायला हवे: सीएनसी मशीनवरचा अनुभव, पीएलसीचे शिक्षण, टॅलीवर स्वतंत्रपणे केलेले काम, रात्रपाळीची तयारी. कारण नसलेला आकडा पहिल्याच उलट प्रश्नाला कोसळतो. यात सर्वांत महत्त्वाची पहिली रक्कम, आणि तीच बहुतेकांनी लिहिलेली नसते.

आकडा आधी कुणी बोलावा, यावर मतभेद आहेत. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनमन यांनी १९७४ च्या लेखात एक प्रयोग नोंदवला आहे. त्यात १० किंवा ६५ वरच थांबेल असे चाक लोकांसमोर फिरवले गेले आणि संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत, याचा अंदाज विचारला गेला. चाकावर १० पाहिलेल्यांचा मध्यक अंदाज २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. ज्याचा प्रश्नाशी संबंधच नाही असा आकडासुद्धा मनाला खेचून नेतो. पहिला आकडा पुढच्या बोलण्याला आपल्याभोवती फिरवत ठेवतो, म्हणून बाजारभाव पक्का माहीत असलेल्याने तो आधी बोलावा आणि माहीत नसलेल्याने आधी विचारावा, हा व्यवहारात टिकणारा नियम आहे. विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘सर, या जागेसाठी कंपनीने काय रेंज ठेवली आहे ते कळले, तर मला नेमके सांगता येईल,’ एवढे वाक्य पुरते. समोरून पुन्हा ‘नाही, तुम्हीच सांगा’ असे आले, तर मात्र टाळाटाळ करू नये. दुसऱ्यांदा टाळले की तयारी नाही असे दिसते.

मग उत्तर असे असावे: ‘या कामाचा दोन वर्षांचा अनुभव आणि इथल्या बाजारातला पगार बघता माझी अपेक्षा हातात २४ ते २६ हजार आहे. त्यावर आपण बोलू शकतो.’ पट्टा सांगितला की कंपनी त्यातली खालची रक्कम धरते, म्हणून खालची रक्कमही स्वतःला मान्य असलेलीच असावी. हातात की सीटीसी, हे त्याच वाक्यात यावे. आणि आकडा बोलून झाल्यावर थांबावे. समोरचा दोन क्षण गप्प राहिला की ‘म्हणजे थोडे कमी असले तरी चालेल’ असे म्हणणारे उमेदवार फार आहेत. समोरचा बहुधा कागदावर काहीतरी लिहीत असतो. त्या शांततेत केलेली घट कुणी मागितलेली नसते.

‘घरची परिस्थिती’ हे कारण या उत्तरात आणू नये. बहिणीचे लग्न, वडिलांचे कर्ज, पावसाने गेलेले पीक ही दुःखे खरी असतात, पण पगार कामाचा ठरतो. गरज सांगितली की ती कळवळ्याने ऐकली जाते आणि हा कमी रकमेतही येईल, असा अर्थही तिच्यातूनच निघतो.

‘सध्या किती मिळतात?’ हा जोडप्रश्न अधिक अवघड आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा करून तो विचारण्यावर बंदी आणली, ती २०१८ पासून अमलात आली. कमी पगारावर सुरुवात झालेल्या स्त्रियांना तोच कमी पगार आयुष्यभर चिकटतो, हे त्यामागचे कारण. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशात हा प्रश्न विचारायला मनाई आहे, शिवाय जागेचा पगार उमेदवाराला आधीच कळवण्याचे बंधन आहे. भारतात अशी मनाई नाही. इथे मागच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा सर्रास मागितल्या जातात, त्यामुळे फुगवलेला आकडा पडताळणीत उघडा पडतो आणि हातातली नोकरी जाते. खरा आकडा सांगून लगेच वेगळेपण मांडावे: ‘सध्या १७,००० मिळतात, पण ते काम एका शिफ्टचे आणि राहात्यातले आहे. इथली जबाबदारी मोठी आहे, म्हणून अपेक्षा त्यावरून धरलेली नाही.’

कॅम्पस मुलाखतीत पॅकेज आधीच जाहीर असते, तिथे घासाघीस करू नये. तिथे विचारायचे ते बाँडविषयी, प्रशिक्षणाच्या मुदतीविषयी आणि त्यानंतरच्या पगाराविषयी. शिर्डीच्या हॉटेलांत आणि लॉजवर राहणे-जेवण पगारात धरलेले असते. त्याची किंमत काढूनच दुसऱ्या जागेशी तुलना करावी, सुट्टी कोणत्या दिवशी मिळेल हेही तेव्हाच ठरवून घ्यावे, कारण रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीच्या उत्सवांत तिथे रजा मिळत नाही. मुलींना ‘लग्न झाल्यावर काम करणार का?’ असे विचारून त्याच ओघात आकडा खाली आणला जातो. त्या प्रश्नाचे उत्तर आणि पगाराचे उत्तर वेगवेगळे ठेवावे. समान कामाला समान वेतन हे १९७६ च्या कायद्याने मान्य झाले आणि आजच्या वेतन संहितेतही ते कायम आहे.

तोंडी ठरलेली रक्कम ऑफर लेटरवर येईपर्यंत ठरलेली धरू नये. पत्र आले की मूळ वेतन, भत्ते, पीएफ, कामगिरीवरची रक्कम आणि नेमणूक कंपनीची आहे की ठेकेदाराची, हे ओळीने पाहावे. फरक दिसला तर त्याच दिवशी ईमेलने विचारावे: ‘मुलाखतीत हातात २४,००० ठरले होते, पत्रात हिशेबाने २१,८०० येतात, कृपया खुलासा करावा.’ रक्कम वाढवणे शक्य नसेल, तर सहा महिन्यांनी फेरविचार करण्याचे पत्रातच लिहून मागता येते; बऱ्याच ठिकाणी ते मान्य होते. कंपनीचे उत्तर लेखी येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये.