पुन्हा पहिल्यापासून : शूबर्टचा शेवटचा सोनाटा आणि त्याचे वाचक

संहिता आणि तिचे वाचन यांतील नात्याची चर्चा साहित्याच्या वर्गांत नेहमी होते. परंतु या चर्चेतली एक अडचण अशी, की वाचन ही सहसा अदृश्य राहणारी क्रिया आहे. वाचक कुठे रेंगाळला, कोणत्या वाक्याशी अडखळला, कोणते पान न वाचताच उलटून पुढे गेला, हे तो स्वतः सांगेल तेवढेच आपल्याला कळते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र वाचन ऐकू येते. सर्वांपुढे असणारी छापील स्वरलिपी बहुतांशी एकच, वाद्य एकच, आणि तरीही दोन पियानोवादकांच्या हातून दोन निराळे अर्थ उमटतात. म्हणूनच एका रचनेची चार-पाच ध्वनिमुद्रणे स्वरलिपी पुढ्यात ठेवून ओळीने ऐकणे, हा आम्हांला टीकाव्यवहाराचाच एक उत्तम पाठ वाटत आला आहे. येथे आम्हांला अशा एकाच रचनेविषयी, आणि तिच्यातही विशेषेकरून नऊ बारांविषयी, काही म्हणायचे आहे. (बार म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा, या रचनेत तो चार मात्रांचा आहे.)

रचना आहे फ्रान्झ शूबर्टचा बी फ्लॅट मेजरमधला पियानो सोनाटा, डी. 960. हस्तलिखिताच्या अखेरीस 26 सप्टेंबर 1828 ही तारीख आहे. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, 19 नोव्हेंबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी शूबर्ट वारला. सोनाटा छापून आला तो दहा वर्षे उलटून गेल्यावर. मृत्यूची ही सावली रचनेवर पाडून ती ऐकण्याचा मोह प्रत्येकाला होतो. आम्हांला तो शक्य तितका टाळायचा आहे, कारण स्वरलिपीत जे आहे तेच पुरेसे अस्वस्थ करणारे आहे.

पहिल्या भागाच्या आरंभी, अत्यंत हळू आवाजात, प्रार्थनागीतासारखी एक संथ स्वरावली येते. तिच्यात कसलीही घाई नाही, कसलाही आग्रह नाही. आठव्या बारात ती अर्ध्या वाटेवर थांबते, आणि पियानोच्या अगदी तळाशी, जी फ्लॅट या स्वरावर, एक ट्रिल उमटते. ट्रिल म्हणजे दोन शेजारी स्वरांचे जलद आलटूनपालटून वाजणे. एरवी तो एक अलंकार असतो. येथे मात्र तो दूरवरच्या गडगडाटासारखा किंवा घराच्या पायाखाली काही हलल्यासारखा वाटतो. त्यामागून शांतता येते. मग काही घडलेच नाही अशा रीतीने तीच स्वरावली पुन्हा सुरू होते. पण घडलेले असते. पुढे सगळे गाणे बी फ्लॅटवरून सरकून त्याच जी फ्लॅटच्या सप्तकात जाते. तळाशी ऐकू आलेला तो परका स्वर आता घराचा मालक होतो.

या भागाचा पहिला खंड संपतो तेथे पुनरावृत्तीची खूण आहे : पुन्हा पहिल्यापासून वाजवा. अशी खूण घालणे ही त्या काळची रूढीच होती आणि पुढच्या काळातल्या वादकांनी ती अनेकदा बिनदिक्कत दुर्लक्षिली. परंतु शूबर्टने येथे नुसती खूण घातलेली नाही. खंडाचा शेवट त्याने दोनदा, दोन प्रकारे लिहिला आहे. पहिल्या फेरीच्या शेवटी नऊ बार येतात, जे अन्यत्र कोठेही येत नाहीत. त्यांत तुटक, अडखळती वाक्ये आहेत. आवाज चढत जातो, आणि आरंभीची ती तळातली ट्रिल येथे एकदाच, या संपूर्ण भागात फक्त एकदाच, पूर्ण ताकदीनिशी कोसळते. मग पुन्हा ती संथ प्रार्थना. दुसऱ्या फेरीच्या शेवटी हे नऊ बार नाहीत. तेथून संगीत जवळजवळ पाऊल न वाजवता सी शार्प मायनर या दूरच्या, उदास प्रदेशात शिरते.

जो वादक पुनरावृत्ती करत नाही, त्याच्या वादनात हे नऊ बार अस्तित्वातच नसतात. ही साधी तांत्रिक वस्तुस्थिती आहे. पण तिच्यातून वाचकाच्या अधिकाराचा अवघा प्रश्न उभा राहतो.

आर्थर श्नाबेलने हा सोनाटा 1939 साली ध्वनिमुद्रित केला. शूबर्टचे सोनाटे ज्या काळात क्वचितच वाजत, त्या काळात ते मैफलीत आणणाऱ्यांपैकी तो एक. त्याच्या वादनात पुनरावृत्ती नाही. पहिला भाग चौदा मिनिटांच्या आसपास संपतो. जुन्या तबकडीच्या खरखरीतूनही त्याचे वाक्य चालते, बोलते. आरंभीची स्वरावली तो एका दमात म्हणतो, त्यामुळे ट्रिल ही बोलणाऱ्याच्या मनात आलेल्या एखाद्या शंकेसारखी वाटते. बोलणारा क्षणभर थबकतो आणि पुढे बोलू लागतो.

याच्या अगदी उलट टोकाला स्व्यातोस्लाव रिख्तर. त्याच्या 1972 सालच्या ध्वनिमुद्रणात हाच पहिला भाग चोवीस मिनिटांहून अधिक काळ चालतो. पुनरावृत्ती आहे, नऊ बार आहेत, आणि त्याखेरीज कल्पनेपलीकडचा संथपणा आहे. 1957 साली ग्लेन गूल्ड मॉस्कोला गेला असताना त्याने रिख्तरला हाच सोनाटा वाजवताना ऐकले. शूबर्टच्या पुनरुक्तीचा गूल्डला कंटाळा होता, पहिल्या भागाची इतकी धीमी लय त्याने कधी ऐकली नव्हती, आणि तरीही पुढचा तासभर आपण संमोहित झाल्यासारखे ऐकत होतो, असे त्याने पुढे सांगितले आहे. हे आम्हांला सहज पटते. रिख्तर वाजवतो तेव्हा स्वरावली पुढे सरकत नाही, ती आपल्याभोवती उभी राहते. ट्रिल येते तेव्हा ती शंका नसते. जमिनीचाच तो आवाज असतो. आणि नऊ बारांत तीच ट्रिल कोसळते, तेव्हा तोवरची सहा-सात मिनिटांची शांतता ही कशाच्या आधाराने उभी होती, हे आपल्याला कळते.

येथपर्यंत निवाडा सोपा वाटेल : रिख्तर संहितेशी प्रामाणिक, श्नाबेल अप्रामाणिक. परंतु शूबर्टने लय सांगताना ‘मोल्तो मोदेरातो’, म्हणजे अतिशय मध्यम, असे शब्द लिहिले आहेत. रिख्तरची लय मध्यम नव्हे, विलंबित आहे. जो एकही बार गाळत नाही तो संहितेच्या पहिल्याच सूचनेपासून दूर जातो, आणि जो नऊ बार गाळतो तो त्या सूचनेच्या अधिक जवळ राहतो. संहितानिष्ठा ही एकाच तराजूत तोलता येणारी वस्तू नाही, हे आमच्या मते यातून शिकावे.

प्रश्न खऱ्या अर्थाने धारदार होतो तो आल्फ्रेड ब्रेंडेलपाशी. ब्रेंडेल पियानोवादक होता तसाच निबंधकार आणि कवीही होता. गाळण्याचे समर्थन त्याने लेखणीने केले आणि 1989 साली त्यावर जाहीर वादही झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : हे नऊ बार उरलेल्या भागाशी नाते सांगत नाहीत, त्यांची झटके देणारी चाल परकी आहे, आणि जी ट्रिल सर्वत्र दूरची, गूढ राहते, तिला येथे संतापून ओरडायला लावल्याने तिचे गूढच संपते. ब्रेंडेल हे केवळ म्हणाला नाही, आयुष्यभर तसेच वाजवत राहिला. 2008 सालच्या निरोपाच्या मैफलींतही हा सोनाटा त्याने नऊ बारांवाचूनच वाजवला. 17 जून 2025 रोजी तो वारला, तेव्हा या वादातला सर्वांत विचारी प्रतिपक्षी गेला.

ब्रेंडेलचे वादन ऐकताना त्याचा युक्तिवाद कानांना पटतो, हे मान्य करायला हवे. त्याच्याकडे सोनाट्याचे चारही भाग एका कमानीसारखे दिसतात; पहिला भाग आपल्या भाराने बाकीच्यांना दडपून टाकत नाही. ट्रिल अखेरपर्यंत दूर राहते, आणि जे कधीच जवळ येत नाही त्याची भीती निराळी असते. हे दुर्बळ वाचन नव्हे. एक संपूर्ण, सुसंगत अर्थ त्यात आहे.

तरीही आमचा कौल ब्रेंडेलच्या विरुद्ध आहे. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण रचनेतले. दुसऱ्या फेरीच्या शेवटी संगीत हलकेच सी शार्प मायनरमध्ये जाते, त्या क्षणाचा परिणाम पहिल्या फेरीवर अवलंबून आहे. पूर्वी ज्या वळणावर आक्रोश झाला होता, त्याच वळणावर आपण पुन्हा आलो आहोत. कान आक्रोशाची वाट पाहतो, आणि तो येत नाही. त्याच्या जागी दबलेल्या आवाजात एक अनोळखी प्रदेश उघडतो. नऊ बार गाळले की हे वळण सुंदर राहते, पण नुसतेच सुंदर राहते. जे टळले त्याची आठवण त्यात उरत नाही. ख्याल ऐकत वाढलेल्या कानाला हे समजावून सांगावे लागत नाही. मुखडा दर आवर्तनाला परततो, पण मधल्या आलापाने जे केले ते घेऊनच तो परततो. त्याला कोणी पुनरुक्ती म्हणत नाही. ब्रेंडेलचे परकेपणाचे निरीक्षण आम्हांला अचूक वाटते. मात्र परके आहे म्हणून बाहेर, हा त्याचा निष्कर्ष आम्हांला स्वीकारता येत नाही. ज्या रचनेचा प्राणच एका परक्या स्वरात आहे, तिच्याकडून परकेपणाबद्दल खुलासा मागता येत नाही.

दुसरे कारण वाचकाच्या अधिकाराचे. ज्ञानेश्वरीची प्रत शके 1506 मध्ये शुद्ध करताना एकनाथांपुढे प्रश्न होता तो कालौघात शिरलेल्या अपपाठांचा. येथे तसा संशय नाही. नऊ बार निःसंशय शूबर्टच्या हातचे आहेत. मग उरते ते वाचकाची अभिरुची विरुद्ध लेखकाचा शब्द. लय, आवाज, स्पर्श यांत वादक कितीही स्वातंत्र्य घेवो, त्याच्या अर्थाशी असहमत होण्याची सामग्री श्रोत्याच्या हाती राहते. रिख्तर फारच धीमा आहे, असे आपण रिख्तर ऐकूनच म्हणू शकतो. ब्रेंडेलशी असहमत होण्यासाठी मात्र ब्रेंडेलखेरीज दुसरे कोणी ऐकावे लागते, किंवा स्वरलिपी उघडावी लागते. जे वाचन आपल्या विरोधातला पुरावाच श्रोत्याच्या कानाआड ठेवते, ते कितीही बुद्धिमान असले तरी आमच्या लेखी काहीसे अनुदार ठरते.

आंद्राश शिफने 2015 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ध्वनिमुद्रणासाठी व्हिएन्नाच्या ब्रोडमानने 1820च्या सुमारास बनवलेला जुना पियानो वापरला. तो पुनरावृत्ती पाळतो. त्या वाद्याचे तळातले स्वर आजच्या पियानोसारखे गोल नाहीत. त्यांना लाकडाचा, तारेचा खरखरीत पोत आहे. तेथे ट्रिल ऐकताना ती दूरचा गडगडाट वाटत नाही. खोलीतल्याच कुणाचा तरी श्वास वाटते. आणि नऊ बारांतला तिचा स्फोट वाद्याच्या ताकदीच्या मर्यादेला जाऊन भिडतो. आधुनिक पियानोवर तो स्फोट शक्तिप्रदर्शन वाटू शकतो. येथे तो अगतिकता वाटतो. ब्रेंडेलला जो संताप ऐकू आला तो कदाचित काही अंशी आधुनिक वाद्याचा असेल, अशी शंका आम्हांला हे वादन ऐकून येते.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. प्रथम ब्रेंडेलचा पहिला भाग पूर्ण ऐकवावा आणि विद्यार्थ्यांना त्यांना जाणवलेला अर्थ लिहायला सांगावे. नंतर रिख्तर किंवा शिफ यांचे वादन केवळ पुनरावृत्तीच्या आरंभापर्यंत ऐकवावे, आणि आधी लिहिलेल्यातले कोणते वाक्य आता खोडावे लागते, ते विचारावे. काही जण एकही वाक्य खोडणार नाहीत. त्यांच्याशी वाद घालणे अधिक रंजक होईल.